मुंजाजी सरांचं सपाट माप

मुंजाजी सरांच्या हातात चहाचा कप द्यायचा म्हटलं की ताडकळसचे हॉटेलवाले थोडे सावध होतात. बाकी गिऱ्हाईक चहा पितं, कप ठेवतं आणि जातं. सर चहा पितात, कप उपडा करतात, बुडावर बोट फिरवतात, तोंडावर वीत ठेवतात आणि विचारतात, "ह्यात किती मावतं हो?"

"एक चहा मावतो, सर," हॉटेलवाला सांगतो.

सरांचं यावर समाधान होत नाही. ते दुसरा कप मागवतात, बिनचहाचा, आणि शेजारच्या टेबलावरचं पाणी याच्यातून त्याच्यात ओतायला लागतात. शेजारच्या टेबलावरचा माणूस नवखा असेल तर तो उठून दुसरीकडे बसतो. ओळखीचा असेल तर आपला पेलाही पुढे करतो, म्हणजे प्रकरण लवकर आटोपतं.

सर जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवतात. शाळा ताडकळसपासून मोटारसायकलवर वीस मिनिटांच्या अंतरावर, आठवीपर्यंतची. वय बावन्न, अंगकाठी बारीक, डोक्यावरचे केस मोजता येतील इतके, आणि मोजायचा कंटाळा सरांना नाही. गावात त्यांना तोंडावर 'सर' म्हणतात आणि पाठीमागे 'डबेवाले सर'. हे त्यांना माहीत आहे आणि मनातून आवडतंही, पण तसं ते दाखवत नाहीत.

घरातलं सगळं डबेमंडळ शाळेत गेलेलं. साखरेचा डबा कुठंय, तर आठवीच्या वर्गात. पोह्यांचा कुठंय, तर सातवीच्या खिडकीत. प्रभावतीबाईंनी, म्हणजे सरांच्या सौभाग्यवतींनी, एकदा पाहुण्यांसमोरच तोंड उघडलं. "आवं, लोक शाळेत डबा नेतेत. माझ्या घरी शाळेतून डबा आनावा लागायलाय." सर हसले आणि पाहुण्यांनी आणलेल्या मिठाईच्या खोक्याची लांबी, रुंदी, उंची डोळ्यांनीच मोजून मोकळे झाले.

पुतण्यासाठी पाथरीला मुलगी बघायला गेले तेव्हाची गोष्ट तर नातेवाइकांत अजून सांगितली जाते. मुलगी पाणी घेऊन आली. वडीलधाऱ्यांनी नाव, शिक्षण, स्वयंपाक विचारला. सरांची पाळी आली तेव्हा त्यांनी हातातला सरळ उभ्या कडांचा पेला वर धरला आणि म्हणाले, "पट्टी नाही, दुसरं भांडं नाही. हा पेला बरोब्बर अर्धा भरलाय का, हे कसं ओळखायचं?" मुलीचा बाप घामाघूम. मुलीने पदर सावरला आणि शांतपणे सांगितलं, "तिरपा करायचा. पानी इकडं काठाला अन् तिकडं बुडाच्या कडेला संगंच टेकलं की अर्धा." सरांनी पेला खाली ठेवला आणि जाहीर केलं, "मुलगी पसंत!" पुतण्याने तोवर मान वर करून पाहिलंही नव्हतं. राजेश्री आज त्या घरची सून आहे, आणि काकासासरे येणार असले की आधी सगळे सरळ पेले कपाटात ठेवून कुलूप लावते.

पण सर जन्मापासूनच असे नव्हते. वीस वर्षं ते फळ्याचेच भक्त होते. फळ्यावर सूत्र, पोरांच्या तोंडात सूत्र, वहीत सूत्र. वृत्तचितीचं घनफळ म्हटलं की साठ तोंडं एका सुरात 'पाय आर वर्ग एच' गायची, आणि व्हरांड्यातून जाणाऱ्याला वाटायचं की आरती चालू आहे. मग एका घटक चाचणीत सरांनी सहज प्रश्न टाकला: घनफळ म्हणजे काय, ते तुमच्या शब्दांत लिहा. परमेश्वर नावाच्या एका विद्यार्थ्याने लिहिलं, 'घनफळ आम्ही खाल्लेले नाही. आमच्या शेतात फक्त सीताफळ आणि रामफळ आहे.'

शिक्षकांच्या खोलीत हसून हसून सगळ्यांची पोटं दुखली. सरही हसले. घरी जाताना मोटारसायकलवर मात्र त्यांचं हसू अर्ध्या वाटेतच आटलं. पोरगं खोटं लिहीत नव्हतं. त्याला 'पाय आर वर्ग एच' तोंडपाठ होतं, पण ते कशाचं आहे हे वीस वर्षांत सरांनी कुणालाच दाखवलं नव्हतं. सरांना लाज वाटली, आणि ती लाज डबे होऊन घरातून बाहेर पडली.

आधी साबणाच्या वडीचे सारखे ठोकळे कापले आणि पोरांनी ते खोक्यात रचून मोजले. मग पावडरचे डबे आले, तेलाचे आले. मग सरांना शंकूचं वेड लागलं. शंकू पुढच्या इयत्तेत येतो, पण सरांना दम कुठला. तोंड सारखं आणि उंची सारखी असली की तीन शंकू ओतल्यावर एक डबा काठोकाठ भरतो, ना एक दाणा जास्त, ना कमी, हे पोरांनी आपल्या हातांनी बघावं, एवढीच त्यांची इच्छा.

ताडकळसच्या बाजारात पत्र्याची कामं करणाऱ्या हरिओमकडे सर शंकूचं आणि जोडीच्या डब्याचं चित्र घेऊन गेले. हरिओमने चित्र पाहिलं आणि मान हलवली. आठ दिवसांनी सुबक काम करून दिलं. डबा अगदी चित्रासारखा. शंकूच्या टोकाला मात्र भोक.

"हे भोक कशाला?" सर म्हणाले.

"मंग त्येल कुठून जाईल, सर?"

"तेल जायचंच नाही. हे नरसाळं नाही. टोक बंद पाहिजे."

हरिओमने सरांकडे असं पाहिलं, की उन्हाचा तडाखा बसलेल्या माणसाकडेही कुणी तसं पाहत नसेल. आयुष्यभर नरसाळी केलेला माणूस. टोक बुजवायचं म्हणजे त्याच्या धंद्याला बट्टा. नाराजीने त्याने टोक झाळून दिलं, आणि ती नाराजी झाळकामात उतरली. वर्गात पाणी ओतून प्रयोग केला तेव्हा पहिल्याच शंकूतून धार लागली, थेट सरांच्या पँटवर, आणि अशा जागी की सरांना तो पूर्ण तास खुर्चीत बसून काढावा लागला.

म्हणून पाणी गेलं आणि ज्वारी आली. इथून खरं भांडण सुरू झालं.

ज्वारी आणली अर्पिताने. अर्पिता आठवीतली, कमी बोलणारी, पण जे बोलेल ते ठासून. तिची आजी कस्तुराबाई शाळेतच खिचडी शिजवते, अकरा वर्षं झाली. शाळेत वजनकाटा आहे, पण कस्तुराबाईचा जीव आपल्या पितळी मापट्यावर. मापटं भरलं की त्यावर हाताने आणखी धान्य ओतायचं, पार दाणा घसरेपर्यंत. वर निमुळता ढीग उभा राहतो, ती शीग. शीग नाही तर माप नाही, हा तिच्या घरचा कायदा. आणि आठवीतली निम्मी पोरं तिच्या हातचं खाऊन मोठी झालेली.

पहिल्या दिवशी पोरांनी तीन शंकू डब्यात ओतले आणि डबा उतू गेला. दुसऱ्या गटाचाही गेला. एका गटाने अडीच सांगितलं, एकाने 'दोन आन् थोडं'. सर चक्रावले. हरिओमला मनात चार शिव्या घातल्या, डबा मोजला, शंकू मोजला. दोन्ही बरोबर. मग त्यांचं लक्ष पोरांच्या हातांकडे गेलं. प्रत्येक जण शंकू भरत होता आणि वर प्रेमाने शीग लावत होता.

"अरे, शीग नाही लावायची! पट्टी फिरवा, सपाट करा."

वर्गाने अशा नजरेने बघितलं, जणू सरांनी कुणाच्या ताटातली भाकरी काढून घेतली.

"सर," अर्पिता म्हणाली, "सपाट माप कंजूस मानूस भरतो."

"गणितात सगळेच कंजूस असतात," सर म्हणाले. हे वाक्य सुटीत खिचडीबरोबर कस्तुराबाईच्या कानावर गेलं. ती पळी घेऊनच वर्गाच्या दारात आली.

"गुर्जी, लेकरायला काय शिकवायलात तुमी?"

"घनफळ शिकवतोय, कस्तुराबाई."

"शिकवा की. पर मापाला पट्टी मारायची कामून शिकवता? सपाट मापाच्या घरात बरकत ऱ्हात न्हाई. माझी जवारी हाय ती. माझ्या जवारीला पट्टी लावायची न्हाई."

सरांनी तिला खूप समजावलं. शंकू म्हणजे काय, एक तृतीयांश म्हणजे काय, अचूक म्हणजे काय. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "झालं? खिचडी लागायली खाली," आणि गेली.

पुढचा महिनाभर हेच. सर वर्गात असले की पोरं पट्टी फिरवत. सर फळ्याकडे वळले की शिगा उभ्या राहत. वर्गात घनफळ शिरत होतं की नाही देव जाणे, पण मास्तर आणि स्वयंपाकीणबाई यांतलं कोण जिंकतं यावर पोरांचं बारीक लक्ष होतं.

एवढ्यात केंद्रप्रमुख नागनाथराव शाळेत आले. आजूबाजूच्या बारा-पंधरा शाळा त्यांच्या देखरेखीखाली. शिवाय ते सरांचे डी.एड.चे जोडीदार, एकाच खोलीत राहिलेले, त्यामुळे साहेबी बेताचीच. वर्गात शिरले तर पायाखाली ज्वारी करकरली. खिडकीत डबे, कपाटात डबे, फळा कोरा.

"मुंजाजी, किराणा दुकान टाकलं की काय?"

सरांनी उत्साहाने सगळं सांगितलं. नागनाथरावांनी बोट वर करून थांबवलं. "बघ, परीक्षेत ज्वारी नेऊ देत नाहीत. सूत्र पाठ असलं की मार्क. शंकू तर ह्यांना अभ्यासालाही नाही. हा सगळा खेळ झाला."

"खेळ नाही. पोरं स्वतः करून दाखवतील."

"कधी?"

सरांच्या तोंडातून निघून गेलं, "तुम्ही म्हणाल तेव्हा!"

"ठरलं. पुढच्या महिन्यात ताडकळसला शिक्षण परिषद आहे. सगळ्या केंद्राच्या शिक्षकांसमोर तुझी पोरगी किंवा पोरगा करून दाखवू दे. तीन म्हणजे तीन भरले, तर हे डबे मी साऱ्या केंद्रात लावतो. नाही भरले, तर डबे कस्तुराबाईच्या स्वयंपाकखोलीत आणि तू फळ्यापाशी. कबूल?"

"कबूल," सर म्हणाले, आणि त्याच क्षणी आपण काय कबूल केलं ते त्यांच्या ध्यानात आलं. नागनाथराव शब्दाचा पक्का माणूस. डबे गेले तर पुन्हा ती 'पाय आर वर्ग एच'ची आरती, निवृत्तीपर्यंत. ते सरांच्याने आता होणार नव्हतं.

सरांनी अर्पिताला निवडलं, कारण तिचा हात थरथरत नाही. रोज सुटीत सराव. "भर," सर म्हणायचे. ती शंकू भरायची. "पट्टी." पट्टी फिरायची. "ओत." ती ओतायची. तीन वेळा. डबा काठोकाठ, ना खाली, ना वर. पंधरा दिवसांत पंधरा वेळा. सरांना इतका आनंद झाला, की त्यांनी एका दिवशी साखरेचा डबा घरी परत नेऊन दिला. प्रभावतीबाईंनी त्यांच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं.

शिक्षण परिषदेच्या दिवशी जीपमध्ये सर, अर्पिता, डबे आणि ज्वारीची पिशवी. पिशवीवर हात ठेवून कस्तुराबाईही बसलेली.

"तुम्ही कुठे, कस्तुराबाई?"

"जवारी माझी, नात माझी. मी नगं येऊ?"

हिने मध्ये तोंड घालू नये म्हणून सरांनी वाटेत ताडकळसच्या मारुतीला मनातल्या मनात नारळ कबूल केला.

सभागृहात चाळीसेक शिक्षक होते, अर्धे मोबाईलमध्ये, अर्धे झोपेत. पुढच्या रांगेत नागनाथराव, त्यांच्या मागे खुर्ची नाकारून खाली सतरंजीवर बसलेली कस्तुराबाई. टेबलावर डबा, शंकू, पट्टी, परातीत ज्वारी. सरांनी प्रस्तावना केली, ती जरा लांबलीच. नागनाथरावांनी घड्याळ बघितलं आणि अर्पिताकडे पाहून मोठ्या प्रेमाने म्हणाले, "हं बेटा, तुझे सर काय थांबायचे नाहीत. दे बरं मला मोजून तीन मापं."

अर्पिताने पट्टी उचलली होती. ती तिने खाली ठेवली.

सरांना काही कळायच्या आत तिने शंकू ज्वारीत खुपसला, वर काढला, डाव्या हाताने ओंजळ ओतली, आणि दाणे घसरू लागेपर्यंत शीग लावली. डब्यात ओतलं. दुसरा, तसाच शिगेचा. सर हातवारे करू लागले, पट्टीकडे बोट दाखवू लागले. तिने बघितलंच नाही. तिसराही शिगेचा. डबा भरला, डब्यावर ढीग चढला, ढीग घसरला आणि ज्वारी टेबलावर, टेबलावरून फरशीवर, फरशीवरून नागनाथरावांच्या बुटांपर्यंत पळत गेली.

झोपलेले जागे झाले. कुणीतरी म्हणालं, "बरकत आली!" आणि सभागृह खदखदून हसलं. नागनाथरावांनाही हसू आवरेना. "मुंजाजी, तीन म्हणाला होतास. हे तर सव्वातीनच्या वर गेलं."

"अगं, पट्टी का नाही फिरवलीस?" सरांचा आवाज चिरकला.

"सर, तुमी 'भर' म्हनता. सायेब 'दे' म्हनले," अर्पिता म्हणाली. "दुसऱ्याला द्यायचं माप सपाट कसं द्यावं?"

मागे कस्तुराबाईची मान ठामपणे हलली.

आता सरांनी जे केलं, ते त्यांना पुढे बरेच दिवस बोचत राहिलं. डब्यांसाठी वर्षानुवर्षं भांडलेल्या या माणसाने पाठ फिरवली, खडू उचलला आणि फळ्यावर सूत्र लिहायला सुरुवात केली. एक तृतीयांश, पाय, आर वर्ग, एच. हात सवयीने चालत होता. मागचं हसणं ऐकू येऊ नये म्हणून ते खडू जरा जोरातच दाबत होते.

लिहून झालं तेव्हा मागे हसणं थांबलेलं होतं. सरांनी वळून पाहिलं. अर्पिता फरशीवर उकिडवी बसून दाणे गोळा करत होती, आणि नागनाथरावांना सांगत होती, "सायेब, बराबर हाय. उगी हसायलेत लोक."

"बरोबर कसं? सांडलं की."

"मी तीन मापं दिली, अन् तीन शिगा. मापं डब्यात मावली. शंकूचं तोंड अन् डब्याचं तोंड येकच हाय, म्हनून येक शीग डब्यावर बसली. ऱ्हायल्या दोन. त्या खाली सांडल्या."

"कशावरून दोन?"

तिने परातीतून शंकू भरला आणि यावेळी पट्टी फिरवली, अगदी सपाट. तो आजीच्या हातात धरायला दिला. सांडलेल्या ज्वारीतून ओंजळ घेऊन त्यावर शीग चढवली, पार दाणा घसरेपर्यंत. "ही येक." पट्टीने ती शीग परातीत उतरवली. उरलेले दाणे घेतले आणि पुन्हा चढवायला लागली. आता चाळीसही शिक्षक खुर्च्या सोडून भोवती जमले होते. शीग वर चढली, चढली, आणि शेंड्याला जरासं कमी पडून दाणे संपले.

"दोनाला थोडं कमीच," नागनाथराव पुटपुटले.

"सायेब, पाय उचला," कस्तुराबाई म्हणाली.

साहेबांनी पाय उचलला. बुटाखाली दहा-पंधरा दाणे होते. कस्तुराबाईने ते वेचले, फुंकर मारून नातीच्या हातावर ठेवले. अर्पिताने ते शेंड्यावर सोडले. शेवटचा दाणा टिकला, आणि शीग पुरी झाली.

सगळे शीग बघायला आणखी जवळ सरकले. सर तर त्या शिगेकडे तोंड उघडं टाकून बघत होते. खाली गोल, वर निमुळती, टोकाला एक दाणा. हा शंकूच की! रोज, प्रत्येक मापावर, प्रत्येक घरात उभा राहणारा. आणि आपण तो आणायला हरिओमच्या दुकानात गेलो. काखेत कळसा आणि ताडकळसला वळसा. महिनाभर जी पट्टीने पाडत होतो, ती शीगच घनफळ शिकवत होती.

नागनाथराव सरांकडे वळले. "डबे राहू दे तुझे. सगळ्या शाळांत राहू दे." मग परातीकडे बघून म्हणाले, "ज्वारीसुद्धा."

सरांना जे हवं होतं ते मिळालं होतं. पण ते धड ऐकतही नव्हते. तीस वर्षांच्या नोकरीत एक प्रश्न विचारायची संधी आज पहिल्यांदा आली होती, आणि त्याचं उत्तर आपल्याच नावाचं असणार, अशी त्यांची बरीचशी खात्री होती. ते अर्पिताजवळ खाली बसले, घसा साफ केला आणि चारचौघांना ऐकू जाईल अशा बेताने विचारलं, "हे तुला कुणी शिकवलं गं?"

अर्पिताला प्रश्नच कळला नाही. तिने आजीकडे पाहिलं, शिगेकडे पाहिलं, मग सरांकडे.

"कुनी न्हाई, सर," ती म्हणाली. "दिसतंय की."

सरांना क्षणभर लागलं. मग इतका आनंद झाला की डोळे भरून आले. चष्मा पुसायचं निमित्त करून त्यांनी मान खाली घातली, आणि तिच्या हातातला शंकू मागून घेतला. तो ज्वारीत खुपसला, वर काढला, आणि डाव्या हाताने ओंजळ ओतायला लागले. हात नवखा, शीग चढेना.

"जरा धीरानं, गुर्जी," कस्तुराबाई म्हणाली. "दाना आपल्या आपुन बसतो."